पालथ्या हाताचा लिंबाजीमामा

नातीनं परवा कुत्रं आनलं. उशीएवढं, डोळ्यावर केस आलेलं. त्याच्या मागून थैलीभर सामान आलं. चार तऱ्हेचे ब्रश, दोन कंगवे, तीन बाटल्या. सगळं पलंगावर मांडलं आन मोबाईलमधी बघून राहिली, यातलं आपल्या कुत्र्याला कोन्तं लागतं मनून. मी जवळ गेले आन हात पालथा करून पिल्लाच्या पाठीवरून फिरवला.

"आजी, असा उलटा हात कामून फिरवतीस?"

मी मनलं, "तळवा राबून राबून दगड झालेला असतो बाई. पाठीमागची कातडी कोवळी ऱ्हाती. तिला खरं कळतं."

ह्ये माजं न्हाई. ह्ये लिंबाजीमामाचं हाय. मामा माजा कुनी न्हाई, ना नात्याचा ना जातीचा. रेनापूरकडचा धनगर. आठ दिसाला एकदा यायचा, तेवढीच वळख. पन इतक्या वर्सांत मी कशालाबी हात लावला, लेकराच्या डोक्याला, नव्या लुगड्याला, वासराला, तर आधी पालथा हात जातो.

तवा निजामाचं राज व्हतं. मी सोळा-सतरा वर्सांची असंन. पयली पोरगी झाली मनून नवऱ्यानं घराभाईर काढलं. भावजयीनं आठ दिस ठिवून घेतलं, नवव्या दिशी तोंड फिरवलं. तिला मी दोष देत न्हाई, तिच्याच घरी ज्वारी पुरत न्हवती. लातुरात गावाभाईर एका मोठ्या सरकारी साहेबाचा बंगला व्हता. साहेबाला शिकारीचा शौक, तीन कुत्री पाळलेली. घरातले नोकर नमाजी, कुत्र्याची लाळ लागली की त्यास्नी कपडे बदलावे लागायचे. मनून कुत्री धुवाया, पुसाया भाईरची बाई पायजे व्हती. दोन वक्ताची भाकरी आन घोड्याच्या पागेशेजारची खोली. मी पोरगी पाठीला बांधली आन गेले.

तीन कुत्री, तीन तऱ्हा. हरन्या मनून कारवानी जातीचा शिकारी कुत्रा, पोट पाठीला गेलेलं, केस कातडीला चिकटलेले. नवाब पश्मी जातीचा. अंग कारवान्यावानीच, पन कानाला, शेपटीला आन मांड्याला रेशमाच्या झालरी. आन तिसरी बर्फी. ती आपल्या मुलखातली न्हाई, पहाडातली. कुन्या गोऱ्या साहेबानं दिलेली. पांढरीधोट, पिंजलेला कापूस चहूकडून फुगावा तशी. बेगमसाहेबांचा तिच्यावर लई जीव. त्या हात लावत न्हवत्या, पन बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून तिच्याशी तासतास बोलायच्या.

माजं पोट आन पोरीचं पोट त्या तीन कुत्र्यांच्या केसावर व्हतं. केस चांगले तर खोली माजी, केस बिघडले तर पोरीला घेऊन रस्ता धरायचा. दुसरं घर मला न्हवतं.

मला कुत्र्याचं काय ठावं? पागेत खिळ्याला घोड्याचा खरारा अडकवलेला व्हता, लोखंडी, दात्यांचा. म्या तोच घेतला आन हरन्याला चांगला खसाखसा घासला. त्ये बिचारं दात खात उभं राहिलं. मागून आवाज आला,

"ऐ पोरी, ह्यो काय घोडा हाय का?"

वळून बघते तर डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर पडशी, दाढी अशी की चिमनीनं घरटं करावं. आठ दिसाला साहेबाची कुत्री बघाया येनारा लिंबाजीमामा त्यो ह्योच. माज्याकडं बघितलंबी न्हाई. हरन्याफुडं उकिडवा बसला आन मनला, "काय जी हरनाजीराव, लागलं का? माफी द्या. नवीन पोरगी हाय."

मामाची तीच रीत. मानसाला अरेतुरे, कुत्र्याला अहोजाहो. साहेबाला सुद्धा 'तू सरकार' मनायचा, आन साहेब हसून घ्यायचे. म्या एकदा इचारलं, असं उलटं कामून? तर मनला, "मानूस चुकलं तर तोंडानं सांगतं. ह्यास्नी सांगता येत न्हाई. ज्याला सांगता येत न्हाई त्याच्याफुडं जपून बोलावं."

तर त्या दिशी त्यानं डोळे मिटले, हात पालथा केला आन हरन्याच्या मानेपासून शेपटीपतोर नेला. मंग उलटा आनला. मंग वास घेतला हाताचा. मी बघून राहिले, ह्यो मानूस करतो तरी काय. डोळे उघडून मनला, "आधी केसाला इचारावं, तुला काय पायजे. मंग पडशीत हात घालावा. तू आधी हत्यार उचलतीस."

पडशीतून त्यानं घोंगडीचा एक जुना तुकडा काढला, तळहाताएवढा. कोरडाच. त्यानं हरन्याला केसाच्या कलानं पुसलं. मेलेले केस सगळे त्या तुकड्याला चिकटून आले, आन हरन्याचं अंग तेल लावल्यावानी चमकाया लागलं. हरन्या तर उभ्या उभ्या पेंगला. "ह्यांचे केस आखूड, त्यास्नी दात नको. खरबरीत कापड बास. पानी महिन्यातून एकदा."

"आन नवाबाला?"

"नवाबाचं नवाबाला इचार."

असा मानूस. सांगून टाकायचा न्हाई. मला हात लावाया लावायचा, आन मी चुकीचं बोलले की गालात हसायचा.

नवाबाच्या झालरीनं मला लई रडवलं. एकदा साहेबासंगं शिकारीहून आला तर कानाच्या झालरीत कुसळं, मांडीला गोखरू, शेपटीत चिखल. मी मनलं, आधी धुवून घ्यावं, मंग इंचरावं, आपन बायका न्हातो तसं. ऊन पानी केलं, रिठा कालवला, चांगलं चोळचोळ चोळलं. वाळल्यावर बघते तर झालरीचे गोळे. फनी शिरंना. गाठी अशा की कात्रीनंच काढाव्या.

मामा आला. वरडला न्हाई. पडशीतून चिमूटभर लोकर काढली, ऊन पान्यात बुचकळून माज्या तळव्यावर ठिवली. "चोळ."

म्या चोळली.

"आजून चोळ."

चोळून चोळून त्याची गोळी झाली, बोरावानी टनक. "आता ही सोड बरं."

ती कशाची सुटती!

"आमी घोंगडी घट्ट कराया ह्येच करतो. ऊन पानी आन चोळनी. तू नवाबसाहेबांच्या कानाची घोंगडी केलीस." मंग लई येळ हसला. पोरगी पाठीवर व्हती, तीबी हसाया लागली.

त्या दिशी त्यानं मला शिंगाची फनी दिली, मोठ्या दात्यांची. आधी कोरडं इंचरायचं, मंग पानी. आन मुळापासून न्हाई, शेंड्यापासून. दोन बोटं शेंडा सुटला की त्याच्यावर दोन बोटं. गाठीत फनी अडली तर ओढायची न्हाई, बोटानं करंजाच्या तेलाचा थेंब सोडायचा आन गाठीला बोटानंच वाट पाडायची. म्या चार दिस बसून नवाबाचे कान सोडवले. एक केस कापला न्हाई. बरुबर जमलं तवा मला वाटलं, आपल्याला कायतरी येतं. तवर मला कुनी असं वाटूच दिलं न्हवतं.

मामाला केसाचं येडच व्हतं. कुनाचे केस, कशाचे केस, इचारल्याबिगर राहवायचं न्हाई. बंगल्यावर आलेल्या नव्या न्हाव्याच्या डोक्याला हात लावला तर त्यो शिव्या द्याया लागला. एकदा व्हरांड्यात खुंटीला साहेबांची रूमी टोपी अडकवलेली. मामानं इकडंतिकडं बघितलं आन पालथा हात फिरवला. तेवढ्यात साहेब आले. मामा आपला डोळे मिटून.

साहेब मनले, "क्या बोलती है टोपी, लिंबाजी?"

"सरकार, ही लोकर आपल्या मेंढराची न्हाई. थंड मुलखातल्या मेंढराची हाय. आन ऊन पान्यात चोळून चोळून केलेली हाय. इचार या पोरीला, हिनंबी नवाबाच्या कानाची अशीच टोपी केली व्हती."

साहेब इतके हसले की त्यास्नी ठसका लागला. बेगमसाहेबांनी आतून पानी धाडलं.

मानूस दुसऱ्याच्या केसाचा येवढा, आन सोताचं? दाढीत काड्या, मुंडाशातून जटा. मी मनायची, "मामा, एक दिस तुमालाबी फनी घालते." तर मनायचा, "माजे केस मला काय मागत न्हाईत."

आता जे सांगायचं त्ये बर्फीचं.

चैताचं ऊन व्हतं. बर्फी जीभ काढून पडून राहायची. खाईना. बेगमसाहेब पडद्याआडून सारख्या मनायच्या, "गर्मी हो रही है गे इसकू." ते मेंढरं कातरायचे दिस. मामा आला त्यो सरळ कातरनीवरून आलेला, बोटाला लोकरीचं मेण तसंच, मोठी कातर कमरेला. बर्फीकडं बघितलं आन मनला, "बर्फीबाईसाहेबांचा बोजा उतरवला पायजे. आमच्या मेंढरावानी झालं ह्ये." आन कातर काढली.

मला काय वाटलं ठावं न्हाई. मी मनलं, "मामा, आज हात लावून बघत न्हाई का?"

"आता काय इचारायचं? जीभ बघ की."

कातर कशी चालायची त्याची! कचकच कचकच, एका दमात. मानेपासून शेपटीपतोर सगळी लोकर एका चादरीवानी खाली आली. डोकं आन शेपटी तेवढी ठिवली. खालून बर्फी निघाली गुलाबी, बारकी, लाजल्यावानी. बेगमसाहेब आतून खूश. मामा मला मनला, अंगाला कडुलिंबाचं तेल लाव जरा, गोचीड धरनार न्हाई. आन गेला.

म्या तेल लावलं. दोन दिस बर्फी अंगनभर उड्या मारत हिंडली, उन्हात लोळली. तिसऱ्या दिशी पाठ लाल. चौथ्या दिशी फोड. पाचव्या दिशी कातडी सुटाया लागली आन माश्या बसाया लागल्या. ती वरडत न्हवती, नुसती थरथरायची. म्या तिला खोलीत घेतलं, पोरीच्या बाजूला निजवलं.

बेगमसाहेबांनी बोलावलं. पडदा हलत व्हता. "क्या लगायी गे तू इसकू?"

"तेल, हुजूर. कडुलिंबाचं."

"तेल से जला दी तू! जुम्मे के दिन निकल जा यहाँ से."

मलाबी तेच वाटून राहिलं व्हतं. तेल म्या लावलं, अंग जळालं. मामा कसा चुकंन? खोलीत येऊन मी पोरीची दोन फडकी, एक गाडगं, माजं दुसरं लुगडं बांधून ठिवलं. जायचं कुठं ह्ये काय सुचंना. गोदागंगेकडं नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात भाकरी भेटती असं कुनीतरी मनलेलं. तेवढंच ध्यानात धरलं.

मामाचा यायचा दिस जुम्म्याच्या आदला. आला तर फाटकातच त्याला कळलं. त्यो सरळ खोलीत आला. माज्याकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं, आन खाली बसला. बर्फीच्या अंगाला हात लावायला जागा न्हवती. जिथं कातर लागली न्हवती तिथं, मानेवर, त्यानं पालथा हात ठिवला. डोळे मिटले. लई येळ. मंग दोन बोटांनी केसात वाट पाडली, वाकून बघितलं. आजून वाकला.

"सोजरे, हिकडं ये. ह्ये बघ."

मी वाकले.

"दोन हायती गं. वरचा राठ, लांब. आन ह्यो खालचा, बारीक, मऊ. दोन केस हायती हिला! वरचा छप्पर हाय. ऊन त्याच्यावर पडतं, पानी त्याच्यावरून जातं. म्या छप्परच काढलं."

त्याचा आवाज असा व्हता की दुख का नवल, कळंना. दोन्ही व्हतं वाटतं.

मी मनलं, "मामा, तेल म्या लावलं."

"तेलानं न्हाई झालं. उन्हानं झालं. आन ऊन म्या आत सोडलं."

उठला आन व्हरांड्यात गेला. मी दाराशी उभी. मला वाटत व्हतं, आता ह्यो सांगंन, न्हाईतर इचार बदलंन. कुनी त्याला इचारलंबी न्हवतं. सगळ्यास्नी तेलच पटलं व्हतं. त्यो नुसता गप राहिला असता तरी चाललं असतं.

साहेब खुर्चीवर. मामा मनला, "सरकार, पोरीची चूक न्हाई. बाईसाहेबांचे केस म्या कातरले, त्यानं अंग जळालं. असे केस कातरायचे नसत्यात."

साहेब मनले, "तू? तू तो उस्ताद है लिंबाजी. सबकू पूछ पूछ के करता."

"हिला न्हाई इचारलं, सरकार. पोरीनं मला टोकलं व्हतं, हात लावत न्हाई का मनून. मला घाई व्हती. मेंढरू समजलो."

साहेब उठून आत गेले. मला वाटलं, हंटर घेऊन येतेत. पन साहेब जुन्या वळनाचा मानूस, हात उचलला न्हाई. आतूनच मनले, "आज के बाद फाटक के अंदर नक्को आना." बेगमसाहेबांच्या रडन्याचा आवाज भाईर आला.

मामा जायच्या आधी मला सगळं सांगून गेला. उन्हात सोडू नको. पांढऱ्या मलमलीचं झबलं शिव, अंगाला न चिकटनारं. तूप शंभर पान्यानं धुवून त्येच लाव, दुसरं काय न्हाई. आन फाटकाशी पडशी उघडून घोंगडीचा तुकडा, शिंगाची फनी, बाभळीची बारीक फनी माज्या हातात दिली. कातर ठिवून घेतली.

"मामा, तुमाला लागंल की."

"मला आता कुत्री कोन देतं?" आन दोन पावलं जाऊन परत आला. "सोजरे, एक काम कर. केस येतील तवा बघ. आधी कोन्ता येतो, खालचा का वरचा. मला सांग."

"तुमाला कुठं सांगू? तुमी तर येनार न्हाई."

"मी येईन इचाराया."

बेगमसाहेबांनी सोताची मलमलीची ओढनी फाडून दिली. मी ऱ्हायले. गाठोडं सोडलं.

पावसाळ्यात साहेबांची बदली नांदेडला झाली. मी, पोरगी आन तीन कुत्री संगं. नवा बंगला गंगेपासून जवळ. मला लिहायवाचायला येत न्हाई, तर बर्फीचे केस फुटाया लागले तवापासनं म्या असं केलं. दर अवसंला बर्फीला इंचरायचं, आन फनीत जे येईल ते कडब्याच्या एका काडीला गुंडाळायचं. एक अवस, एक काडी. काड्या ओळीनं कोनाड्यात. पोरगी रांगत जाऊन उचलायची, मी परत लावायची. कामून करते, ह्ये मलाबी ठावं न्हवतं. यायचा न्हाई असंच वाटायचं. कुठं रेनापूर, कुठं नांदेड.

थंडी सरत आली व्हती. फाटकावरचा शिपाई मनला, एक धनगर तुला इचारून गेला, विष्णुपुरीच्या अंगाला रानात मेंढरं बसवलीत त्यानं. मी तीन कुत्री घेतली, धुवाया नेते मनून सांगितलं, आन गंगेच्या काठाकाठानं गेले. बर्फीला त्याच्यापाशी नेल्याचं कळलं असतं तर खोली गेली असती. पन गेले.

मामा पान्याशी उभा व्हता. दाढी पांढरी झालेली. मला रामराम न्हाई, पोरीकडं बघनं न्हाई. दुरूनच वरडला, "आधी कोन्ता आला?"

"खालचा, मामा. मऊ."

"आन वरचा?"

म्या पदरातून काड्या काढल्या, ओळीनं त्याच्या हातावर ठिवल्या. त्यो तिथंच वाळूत बसला. डोळे मिटून एकेक काडी पालथ्या हातावरून फिरवली. पयली, दुसरी, तिसरी, कापूस. चवथीला थांबला. बोटानं एक राठ केस सोडवला, ओठाला लावून बघितला. "इथं आला," मनला. "चार अवसा लागल्या."

"पाठीच्या मधी आलाच न्हाई, मामा. तिथं आजून नुसता मऊच हाय."

तवा त्यानं डोळे उघडले. बर्फी फुडं आली. मला वाटलं व्हतं गुरगुरंल. तिनं त्याचा हात हुंगला आन वळून पाठ दिली. त्यानं त्या जागेवर पालथा हात ठिवला.

"चुकलो जी, बाईसाहेब."

तेवढंच. मी भाकरी आनली व्हती, ती खाल्ली. काड्या मुंडाशात खोवल्या. मला मनला, "हिला उन्हात नेऊ नकोस." जशी मी काल आलेली. मंग उठून मेंढराकडं गेला.

फुडं दोन वर्सांत निजामाचं राज गेलं, सगळं पालटलं, साहेब हैदराबादला गेले, मीबी वाट धरली. मामा परत दिसला न्हाई. पन त्या दिशी गंगेवरून परतताना मी वळनावर जाऊन मागं बघितलं व्हतं. कातर कमरेला तशीच. एक मेंढरू त्यानं गुडघ्यात धरलं व्हतं आन दोन बोटांनी त्याच्या लोकरीत वाट पाडून, नाक टेकंस्तोवर वाकून, आत बघून राहिला व्हता. मंग त्ये सोडलं आन दुसरं धरलं. जल्मभर कातरलेली मेंढरं ती. एकेकाला धरून त्यो आता इचारून राहिला व्हता.